गर्भाशयभ्रंश : स्वरूप, कारणे व उपचार

प्रस्तावना
ग्रामीण भागात ‘अंग बाहेर येणे’ या नावाने ओळखला जाणारा विकार म्हणजे श्रोणीतील अवयवांचा भ्रंश होय. लज्जेपोटी अनेक स्त्रिया तो वर्षानुवर्षे लपवितात. गर्भाशय काढून टाकणे हाच त्यावरील एकमेव उपाय आहे, असा समजही आढळतो. प्रस्तुत लेखात या विकाराचे स्वरूप व उपलब्ध उपचार यांचा परामर्श घेतला आहे.

स्वरूप व कारणे
श्रोणीच्या तळाशी स्नायूंचा झोळीसारखा थर असतो. हा थर व गर्भाशयास धरून ठेवणारे तंतुमय बंध सैल पडल्यास अवयव योनिमार्गात उतरतात. पुढील बाजूने मूत्राशय, मागील बाजूने गुदाशय, तर मध्यभागातून गर्भाशय खाली येते. योनिमार्गे झालेल्या प्रसूती, विशेषतः चिमटा लावून केलेली प्रसूती, हे त्याचे प्रमुख कारण होय. वाढते वय, लठ्ठपणा, जुनाट खोकला, बद्धकोष्ठता व सतत जड ओझी उचलणे यांमुळे त्यात भर पडते.

लक्षणे व अवस्था
ओटीपोटात जडपणा, योनीतून गोळा बाहेर येत असल्याची जाणीव व लघवी पूर्ण न होणे ही प्रमुख लक्षणे आहेत. दिवसभराच्या श्रमानंतर त्रास वाढतो, तर आडवे पडल्यावर कमी होतो. १९९६ मध्ये मांडलेल्या मापनपद्धतीनुसार भ्रंशाच्या ० ते ४ अशा अवस्था मानल्या जातात.

उपचार
त्रास नसल्यास केवळ देखरेख पुरेशी ठरते. पहिल्या व दुसऱ्या अवस्थेत श्रोणितळाच्या स्नायूंचे व्यायाम उपयुक्त ठरतात. अमेरिकी डॉक्टर अर्नोल्ड केगेल यांनी १९४८ मध्ये त्यांचा पुरस्कार केला. प्रशिक्षित व्यक्तीच्या मार्गदर्शनाखाली ते किमान १६ आठवडे करावे लागतात. योनीत बसविली जाणारी कडी, म्हणजेच पेसरी, अवयवांना आधार देते. मात्र तिची नियमित स्वच्छता व तपासणी आवश्यक असते.

शस्त्रक्रियेतही गर्भाशय राखता येते. या क्षेत्रात मुंबईचे योगदान मोठे आहे. डॉ. वि. ना. शिरोडकर व डॉ. पुरंदरे यांनी गर्भाशयमुखास पट्टीचा आधार देऊन ते वर बांधण्याच्या पद्धती विकसित केल्या. अपत्यप्राप्तीची इच्छा असलेल्या तरुण स्त्रियांसाठी त्या महत्त्वाच्या ठरल्या. याउलट, योनिमार्गे बसविल्या जाणाऱ्या कृत्रिम जाळीची भ्रंशासाठी होणारी विक्री अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१९ मध्ये थांबविली. तिची सुरक्षितता व परिणामकारकता पुरेशी सिद्ध झाली नव्हती. कोणत्याही शस्त्रक्रियेनंतर भ्रंश पुन्हा उद्भवू शकतो, याची कल्पना रुग्णास आधीच देणे आवश्यक आहे.

समारोप
भ्रंश हा सहसा जिवावर बेतणारा विकार नसला, तरी तो स्त्रीचे श्रम, चालणे-बसणे व वैवाहिक जीवन यांवर दूरगामी परिणाम करतो. लघवी अडकल्यास किंवा रजोनिवृत्तीनंतर रक्तस्राव झाल्यास तातडीने तपासणी करावी. भ्रंशाची अवस्था, स्त्रीचे वय व तिची इच्छा यांवरून उपचार ठरविणे हेच शास्त्रसंमत होय. आणि त्यासाठी तिने वेळीच मोकळेपणाने बोलणे ही पहिली पायरी ठरते.