बेस गिटार : ऐकीव सल्ले आणि वस्तुस्थिती

हौशी बँड जमतो तेव्हा गायक ठरलेला असतो, ड्रम्स वाजवणारा ठरलेला असतो आणि गिटारवाले दोन-तीन निघतात. मग त्यातल्या एकाला सांगितलं जातं, ‘तू बेस घे, चारच तर तारा आहेत.’ गैरसमजांची सुरुवात तिथेच होते. पुढे मित्र, दुकानदार आणि थोडं आधी शिकलेले वादक त्यात आपापली भर घालतात. यातले बहुतेक सल्ले खिशाला चाट लावतात आणि आवाज आहे तिथेच राहतो. माझं मत स्पष्ट आहे: हौशी वादकाच्या बेसचा आवाज बिघडतो तो बहुतेक वेळा हातामुळे, खोलीमुळे किंवा वाद्याचा सेटअप न केल्यामुळे. वाद्य स्वस्तातलं आहे हे कारण त्यानंतर येतं.

‘बेस म्हणजे सोपी गिटार’

लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये प्रिसिजन बेस बाजारात आणला, तेव्हा त्यांच्यासमोर डबल बेस होता. ते उभं, अवजड वाद्य प्रवासात नेणं कठीण आणि मोठ्या बँडमध्ये ते ऐकूही येत नसे. बेस गिटारच्या तारा आजही डबल बेससारख्याच ई, ए, डी, जी अशा लावतात, म्हणजे गिटारच्या खालच्या चार तारांपेक्षा बरोबर एक सप्तक खाली. काम डबल बेसचं आणि आकार गिटारचा, असं हे वाद्य आहे.

गिटारवरून आलेला वादक सूर पटकन शोधतो, पण सूर थांबवणं त्याला जमत नाही. बेसची तार जाड असते आणि बराच वेळ वाजत राहते. एक तार छेडली की शेजारच्या तारासुद्धा घुमू लागतात. घरी एकट्याने वाजवताना हे जाणवत नाही. बँडमध्ये मात्र त्या घुमण्याचाच गाळ होतो. म्हणून उजव्या हाताचा अंगठा पिकअपवर कायम रोवून ठेवू नका. वरच्या तारांवर वाजवायला गेलात की अंगठाही सरकवून खालच्या सुरांच्या तारांवर टेकवा. डाव्या हाताची मोकळी बोटं उरलेल्या तारांवर अलगद ठेवा. कोणता सूर वाजवायचा याइतकंच तो कधी तोडायचा हे महत्त्वाचं आहे, आणि ड्रम्सच्या किकबरोबर जी पकड येते ती याच तोडण्यातून येते. तबल्याच्या साथीला बेस असेल तर आणखी जपायला हवं. डग्ग्याची मींड त्याच खालच्या पट्ट्यात असते, तिथे लांबवलेले सूर तिला झाकून टाकतात.

‘ऐकू येत नसेल तर बेसचा नॉब वाढवा’

सगळ्यात जास्त नुकसान करणारा सल्ला हाच, त्यामुळे इथे जरा थांबू.

बेसची मोकळी ई तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते. इतक्या खालच्या आवाजाला माणसाचा कान फार कमी संवेदनशील असतो. पण तारेतून फक्त ४१ हर्ट्झ निघत नाहीत; त्याबरोबर ८२, १२३, १६४ असे वरचे उपस्वरही निघतात. मूळ कंपन जवळजवळ नसलं तरी या उपस्वरांच्या अंतरावरून मेंदू मूळ सूर ओळखतो. मोबाइलच्या इवल्या स्पीकरमधून ४१ हर्ट्झ बाहेर पडणं शक्यच नाही, तरीही त्यावर गाणं ऐकताना आपल्याला बेसची चाल कळते ती यामुळेच. बँडच्या गोंगाटात बेसची ओळख पटते ती साधारण २५० ते ८०० हर्ट्झच्या मधल्या पट्ट्यात. बेसचा नॉब वाढवला की खोली हादरते, भांडी वाजतात, अ‍ॅम्पची ताकद खर्च होते आणि सूर तितकाच अस्पष्ट राहतो. बेस थोडा कमी करा आणि मिड वाढवा. एकट्याने ऐकताना तो आवाज नाकातला वाटेल, पण बँड सुरू झाला की नेमका तोच ऐकू येईल.

दुसरं कारण म्हणजे खोली. ‘बेसची लाट आठ मीटर लांब असते, म्हणून अ‍ॅम्पसमोर ती पूर्ण होत नाही, लांब गेल्यावरच ऐकू येते,’ असं अनुभवी वादकही सांगतात. लाटेची लांबी बरोबर आहे, निष्कर्ष चुकीचा. तसं असतं तर कानाला चिकटलेल्या हेडफोनमधून बेस ऐकूच आला नसता. खरी गोष्ट अशी की लाट भिंतीवरून परतते आणि येणाऱ्या लाटेत मिसळून काही ठिकाणी वाढते, काही ठिकाणी पुसली जाते. चार मीटर लांबीच्या खोलीत ४३ हर्ट्झच्या आसपासचा सूर, म्हणजे ई तारेच्या पहिल्या फ्रेटवरचा एफ, भिंतींपाशी घुमतो आणि खोलीच्या मधोमध जवळजवळ नाहीसा होतो. बेसवाला मध्ये उभा राहून आवाज वाढवत जातो आणि भिंतीला टेकलेला गिटारवाला कानांवर हात ठेवतो, त्याचं कारण हे आहे. तालमीला गेलात की आधी जागा बदलून पाहा. अ‍ॅम्प कोपऱ्यातून बाहेर काढा, खुर्चीवर ठेवा किंवा मागे कलता करा, म्हणजे वरचे सूर पोटऱ्यांऐवजी कानांकडे येतील. याला एक रुपयाही लागत नाही.

‘दुप्पट वॅट म्हणजे दुप्पट आवाज’

वॅट दुप्पट झाले की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, म्हणजे लक्षात येईल न येईल इतका. कानाला दुप्पट वाटावा एवढा फरक पडायला सुमारे दहापट ताकद लागते. त्यामुळे १०० वॅटचा अ‍ॅम्प विकून २०० चा घेणाऱ्याच्या हाती फारसं काही लागत नाही. स्पीकर किती कार्यक्षम आहे यावर बरंच अवलंबून असतं: एका स्पीकरची क्षमता दुसऱ्यापेक्षा ३ डेसिबलने जास्त असेल, तर तेवढ्यानेच अ‍ॅम्प दुप्पट मोठा केल्याचा परिणाम मिळतो.

अ‍ॅम्पवर लिहिलेला आकडाही नीट वाचा. ‘४ ओहमला ५०० वॅट’ असं लिहिलेल्या अ‍ॅम्पला ८ ओहमचा एकच कॅबिनेट जोडला तर ताकद बरीच कमी मिळते. ८ ओहमचे दोन समांतर जोडले की ४ ओहम होतात. किमान मर्यादेपेक्षा खाली गेलात तर ट्रान्झिस्टरचा अ‍ॅम्प तापून बंद पडू शकतो. अ‍ॅम्प हेड आणि कॅबिनेट यांच्यामध्ये स्पीकरची केबल वापरा. गिटारची केबल दिसायला तशीच असली तरी आतली तार बारीक असते आणि जास्त ताकदीला ती तापते.

घरी रियाजाला १५ ते ३० वॅट पुरतात. ड्रम्सबरोबर तालमीला दोनशे-तीनशे असावेत. आणि गणेशोत्सवातल्या किंवा सभागृहातल्या कार्यक्रमात प्रेक्षक जे ऐकतात ते बहुधा डीआय बॉक्समधून थेट मिक्सरकडे गेलेलं असतं. तिथे तुमचा अ‍ॅम्प तुम्हाला ऐकू येण्यापुरता असतो, त्यासाठी मोठं धूड जिन्यावरून चढवायची गरज नाही. आवाज वाढवण्याच्या नादात कान मात्र गमावू नका. ड्रम्सशेजारी तासन्‌तास उभं राहणाऱ्याने इअरप्लग वापरावेत, गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही.

याच ओघात आणखी एक भीती: गिटारच्या अ‍ॅम्पला बेस लावला तर अ‍ॅम्प जळतो. हलक्या आवाजात काहीही होत नाही. मोठ्या आवाजात मात्र धोका असतो तो स्पीकरला. त्याचा कोन खालच्या सुरांना प्रमाणाबाहेर पुढे-मागे होतो आणि फाटू शकतो.

‘पाच तारांचा बेस म्हणजे पुढची पायरी’

पाचवी तार खालच्या बीची, सुमारे ३१ हर्ट्झची. ती घ्यायची की नाही हे तुमच्या गायकाच्या पट्टीवरून ठरवा. गायक काळी एकमध्ये गात असेल तर चार तारांच्या बेसवर षड्ज मिळतो तो ए तारेच्या चौथ्या फ्रेटवर, ६९ हर्ट्झचा. त्याच्या खालचा षड्ज या वाद्यात नाहीच, कारण सर्वात खालचा सूर पांढरी तीनचा आहे. पाच तारांच्या बेसवर तो बी तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर मिळतो. पांढरी एक, काळी एक, पांढरी दोन या पट्ट्यांमध्ये सतत साथ करावी लागत असेल तर पाचवी तार खरोखर कामाची आहे. गायिका काळी चार-पाचमध्ये गात असेल तर चार तारांत सगळं बसतं. पाचव्या तारेमुळे नेक रुंद होतो आणि दाबून ठेवायला आणखी एक तार वाढते, हेही हिशेबात धरा.

‘ट्रस रॉड फिरवला की ॲक्शन खाली येते’

चार तारांचा मिळून ताण साधारण ७० ते ८० किलो असतो. त्या ओढीला नेकमधली लोखंडी सळई, म्हणजे ट्रस रॉड, तोलून धरते. तिचं काम नेकची वक्रता ठरवणं. तारांची उंची, म्हणजे ॲक्शन, ब्रिजवरच्या सॅडलने ठरते. तपासायला पहिला फ्रेट आणि नेक बॉडीला मिळतो तिथला फ्रेट असे दोन्ही दाबा आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तारेखाली किती फट आहे ते पाहा. ०.३ ते ०.४ मिलीमीटर असेल, म्हणजे व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल, तर ठीक आहे. जास्त असेल तर रॉड घड्याळाच्या दिशेने जास्तीत जास्त पाव फेरा आवळा आणि पुन्हा मोजा. जड जात असेल तर जोर करू नका, कारागिराकडे न्या. वक्रता, मग उंची, आणि शेवटी बाराव्या फ्रेटवरचा सूर हार्मोनिकशी जुळवणं, हाच क्रम ठेवा. तिथला सूर चढा असेल तर सॅडल मागे घ्यायचं.

वाजवून झालं की तारा सैल करून ठेवाव्यात, हा सल्ला घराघरांत दिला जातो. रॉड तारांच्या ताणाशी तोललेला असतो. रोज ताण काढला तर नेक सतत हलत राहतो आणि तारा सुरात टिकत नाहीत. तारा लावलेल्याच ठेवा. मुंबई-कोकणात नेकला खरी तोशीस पडते ती पावसाळ्यात. लाकूड दमट हवा शोषतं आणि नेक कधी पुढे, कधी मागे झुकतो. जून-जुलैत अचानक फ्रेट वाजू लागले तर वाद्य बिघडलं असं समजू नका. वक्रता तपासा, बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नका आणि पावसाळा संपल्यावर पुन्हा एकदा पाहा.

‘बोटांनीच वाजवावं, आणि तारा वारंवार बदलाव्यात’

डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीच्या साठच्या दशकातल्या असंख्य गाण्यांत जेम्स जेमरसन यांचा बेस आहे. ते उजव्या हाताची फक्त तर्जनी वापरत. त्यांच्या फ्लॅटवाउंड तारा तुटल्याशिवाय बदलल्या जात नसत. कॅरोल के यांनी लॉस एंजेलिसच्या स्टुडिओंमध्ये पिकने वाजवलं, पॉल मॅकार्टनीही बहुतेक वेळा पिकनेच वाजवतात. तेव्हा पिकला कमीपणा देण्यात अर्थ नाही. नव्या राउंडवाउंड तारा खणखणीत वाजतात आणि स्लॅपला तशाच हव्यात. भावगीताला, जुन्या चित्रपटगीतांना किंवा सोलला जुन्या तारांचा गोल, ठोसर आवाज मला तरी जास्त शोभतो. तार कुठे छेडता याने तर आवाज पार बदलतो: ब्रिजजवळ कडक, नेककडे मऊ. आणि हलक्या हाताने वाजवा. जोराने ओढलेली तार फ्रेटवर आपटते आणि सूर दबतो. मोठा आवाज हवा असेल तर तो अ‍ॅम्पवर वाढवा.

‘लहान हातांना बेस जमत नाही’

नेहमीच्या ३४ इंची बेसवर पहिला फ्रेट सुमारे ४८ मिलीमीटर रुंद असतो. तिथे ‘एका फ्रेटला एक बोट’ हा गिटारचा नियम लावला की मनगट दुखणारच. डबल बेस वादक खालच्या जागी पहिलं, दुसरं आणि चौथं बोट वापरतात, तिसरं चौथ्याला आधार देतं आणि तीन फ्रेट एका वेळी हाताखाली येतात. पहिल्या पाच फ्रेटमध्ये हीच पद्धत वापरा. शिवाय ३० इंची शॉर्ट स्केल बेस मुलांचं खेळणं नाही: मॅकार्टनींचा हॉफनर त्याच मापाचा आहे. दुखलं तरी वाजवत राहा म्हणजे सवय होईल, हा सल्ला मात्र अजिबात ऐकू नका. बोटांची कातडी काही दिवस दुखते ते चालतं. मनगटात कळ किंवा बोटांना मुंग्या आल्या तर थांबा, पट्टा वर घ्या, मनगट सरळ करा, आणि तरीही थांबलं नाही तर डॉक्टरांना दाखवा.

ॲक्टिव्ह बेसबद्दल एवढंच: त्याचा अर्थ आत ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा प्रीअ‍ॅम्प आहे, वाद्य वरच्या दर्जाचं आहे असा होत नाही. बहुतेक वाद्यांत केबल जॅकमध्ये खुपसताच बॅटरी सुरू होते, म्हणून वाजवून झालं की केबल काढा आणि कार्यक्रमाला जाताना एक जादा बॅटरी खिशात ठेवा.

नवा बेस किंवा अ‍ॅम्प घ्यायचा विचार असेल तर आधी हातातल्या वाद्याचा सेटअप करून घ्या आणि पुढची तालीम मोबाइलवर रेकॉर्ड करा. घरी ऐकताना तुमचे सूर कुठे संपतात तेवढंच तपासा. तिथे सुधारणा दिसली आणि त्यानंतरही वाद्य अपुरं वाटलं, तर मग खुशाल खर्च करा.