इंजिन खाली घ्यायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

आजच्या भागाचं हे लेखी रूप. ज्यांनी ऐकलं नाही त्यांच्यासाठी, आणि ज्यांनी एसटीत अर्धंच ऐकलं त्यांच्यासाठीही.

गॅरेजवाले दादा बॉनेटमध्ये डोकावतात, थोडा वेळ गप्प राहतात आणि म्हणतात, "इंजिन खाली घ्यावं लागेल." आपल्याला त्यात फक्त खर्च ऐकू येतो. पण त्या एका वाक्यात काम किती असतं, ते खरंच लागतं का, आणि आपण काय विचारायचं? आज तेच बघू.

आपल्या तालुक्यातलं इंजिन

उदाहरण घेऊ 1.3 लिटर मल्टिजेट डिझेलचं. 1248 सीसी, चार सिलिंडर, मूळ फियाटचं. आपल्या शिरूर तालुक्यात, रांजणगाव एमआयडीसीत फियाट आणि टाटांचा भागीदारीतला कारखाना आहे, तिथे हे इंजिन बनायचं. पुंटो, लिनिया, इंडिका व्हिस्टा, मांझा या गाड्यांत ते बसायचं. मारुती हेच इंजिन परवाना घेऊन हरियाणात बनवायची आणि स्विफ्ट-डिझायरमध्ये डीडीआयएस नावाने द्यायची. मागणी इतकी वाढली, की 2012 मध्ये मारुतीने रांजणगावकडून वर्षाला 1 लाखापर्यंत इंजिनं घ्यायचा करार केला.

1 एप्रिल 2020 ला बीएस 6 नियम आले आणि त्याच सुमारास हे इंजिन भारतात बनायचं थांबलं. म्हणजे नगर रोडवर आज धावणाऱ्या अशा गाड्यांचं आहे तेच इंजिन जपावं लागणार. म्हणून ते उतरवताना हात कोणाचा आणि पद्धत कोणती, याला किंमत आहे.

खरंच उतरवायला लागतं का?

दरवेळी नाही. क्लच प्लेट बदलायला फक्त गिअरबॉक्स उतरवतात. टर्बो, इंजेक्टर, हेड गॅस्केट ही कामं सहसा इंजिन जागेवर ठेवूनच होतात. टायमिंग चेनसुद्धा बऱ्याचदा गाडीतच बदलता येते. पण क्रँकचं बेअरिंग गेलं, सिलिंडरला बोअर मारायचा असेल किंवा ब्लॉकलाच तडा असेल, तर पर्याय नाही. म्हणून पहिला प्रश्न हा: "दादा, नक्की कुठला पार्ट गेलाय, आणि तो जागेवर का होत नाही?" चांगला मेकॅनिक या प्रश्नावर चिडत नाही, दाखवतो.

आधी सोडवायचं, मग उचलायचं

प्रत्यक्ष उचलणं थोड्या वेळाचं काम. खरा वेळ जातो तो इंजिन गाडीपासून सुटं करण्यात.

सुरुवात बॅटरीपासून, आणि आधी निगेटिव्ह. कारण गाडीची सगळी बॉडी निगेटिव्हला जोडलेली असते. प्लस आधी खोलताना पाना बॉडीला टेकला की शॉर्ट. निगेटिव्ह आधी काढली की ती भीतीच संपते. जोडताना उलटं, प्लस आधी.

मग इंजिन थंड झाल्यावर कूलंट आणि ऑइल काढायचं. गरम रेडिएटरचं झाकण उघडलं तर उकळतं पाणी थेट तोंडावर येतं. डिझेलच्या कॉमन रेलमध्ये चालू इंजिनात हजार बारच्या वर दाब जातो, त्यामुळे बंद केल्या केल्या तिथल्या नळ्यांना पाना लावायचा नाही. नळी सोडवली की लगेच स्वच्छ बूच लावायचं. धुळीचा बारीक कणसुद्धा इंजेक्टर खराब करतो.

एसीच्या बाबतीत एक युक्ती आहे. कॉम्प्रेसरच्या नळ्या खोलल्या तर गॅस जातो. म्हणून कॉम्प्रेसर बोल्ट काढून, नळ्यांसकट बाजूला बांधून ठेवतात. बिलात गॅस भरल्याचे पैसे दिसले तर याबद्दल जरूर विचारा.

वायरिंगचे कपलर एकसारखे दिसतात. प्रत्येकाला चिकटपट्टी आणि नंबर, शिवाय मोबाईलवर फोटो. आम्ही सॉफ्टवेअरवाले याला स्टॅक म्हणतो: जे शेवटी काढलं ते आधी बसणार. नोंद नसेल तर जोडताना नुसता अंदाज उरतो.

त्यानंतर सायलेन्सरचा पाइप, गिअरच्या केबल आणि चाकांकडे जाणारे दोन्ही एक्सल. एक्सल नुसता हिसकला तर आतला जॉइंट सुटतो, म्हणून तो गिअरबॉक्सपाशी पहारीने हळूच उचकटतात.

लटकलेलं वजन

हे इंजिन कोरडं सुमारे 130 किलोचं. बरेच मेकॅनिक ते गिअरबॉक्ससकटच काढतात, तेव्हा दीडशेच्या बरंच वर जातं. चेन पुली लावायची ती इंजिनवरच्या उचलायच्या कड्यांना. प्लास्टिकच्या मॅनिफोल्डला दोर बांधायचा नाही. आणि चेन पुली टांगायची कुठे? पत्र्याच्या शेडचा पाइप हे वजन पेलेलच असं नाही. त्यासाठी इंजिन क्रेन किंवा मजबूत गर्डर हवा.

चेन आधी ताणून घ्यायची, मग माउंटिंगचे बोल्ट काढायचे. इंजिन वीतभर उचललं की थांबायचं आणि चारही बाजूंनी बघायचं. एखादी अर्थ वायर राहिलेली असते, हमखास. इंजिन सुटलं की गाडीचं पुढचं तोंड वर येतं, त्यामुळे हँडब्रेक आणि मागच्या चाकांना ओट लावलेली हवी. लटकलेल्या इंजिनाखाली हात-पाय घालायचा नाही, मग वरचा माणूस कितीही अनुभवी असो.

काही कंपन्यांच्या पद्धतीत इंजिन खालून, सबफ्रेमसकट काढतात. त्याला गाडी उंच उचलणारी लिफ्ट लागते.

उतरवलंच आहे तर

एरवी जिथे हात पोचत नाही ते आत्ताच बघा: क्लच प्लेट, क्रँकचं मागचं ऑइल सील, माउंटिंगचे रबर, कडक झालेले होज. नंतर यातलं एक गेलं तरी मजुरी पुन्हा.

आणि सेकंड हँड इंजिन बसवणार असाल तर त्याची कागदपत्रं मागा. आरसीवर इंजिन नंबर असतो. इंजिन बदललं की 14 दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. आरसीवर एक नंबर आणि बॉनेटखाली दुसरा असेल, तर इन्शुरन्सच्या क्लेमला अडतं आणि गाडी विकतानाही. चोरीच्या गाडीतलं इंजिन निघालं तर पोलिसांचं लचांड वेगळंच.

थोडक्यात तीन प्रश्न लक्षात ठेवा: कुठला पार्ट गेला? जागेवर का होत नाही? उतरवल्यावर अजून काय बदलायचं? उत्तरं कागदावर लिहून घ्या, मगच काम सुरू करायला सांगा.

तुमच्या गाडीचं इंजिन कधी उतरवलं असेल तर कळवा. भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत ऑइल वेळेवर बदला!