स्पंज फिंगर बिस्किट
स्पंज फिंगर बिस्किट : अंडी, साखर व मैदा यांपासून भाजून केलेले, बोटाच्या आकाराचे कोरडे व सच्छिद्र बिस्किट. इंग्रजीत यास ‘लेडीफिंगर’ असेही म्हणतात. भारतात ते नाव भेंडीला रूढ असल्याने घोटाळा होतो. इटलीतील ‘साव्होयार्दी’ हे नाव सॅव्हॉय या जुन्या संस्थानावरून पडले असून तेथील दरबारात हे बिस्किट प्रथम तयार झाले, अशी परंपरा आहे. फ्रेंच नावात चमच्याचा उल्लेख येतो, कारण पूर्वी मिश्रण चमच्याने पत्र्यावर सोडीत. पुढे त्यासाठी निमुळती पिशवी वापरात आली.

पारंपरिक कृतीत लोणी, तूप किंवा बेकिंग पावडर नसते. बिस्किट फुलते ते केवळ फेसातील हवेने. चार अंड्यांना साखर व मैदा प्रत्येकी सुमारे १२० ग्रॅ. लागतो. पांढरा भाग व पिवळा बलक निरनिराळे फेसतात. भांड्यास ओशटपणा राहिला, तर पांढऱ्याचा फेस नीट धरत नाही. मैदा हलक्या हाताने मिसळावा लागतो, अन्यथा हवा निघून जाते व बिस्किट चिवट होते. वर पिठीसाखर भुरभुरून १८०° ते २००° से. तापमानास १० ते १२ मिनिटे भाजतात. उष्णतेने अंड्यातील प्रथिने घट्ट होऊन छिद्रांच्या भिंती तयार होतात. बिनअंड्याच्या प्रकारात हा सांगाडा दुबळा असतो व भिजल्यावर तो लवकर विरघळतो.

स्निग्धांश अल्प व छिद्रे पुष्कळ, म्हणून हे बिस्किट द्रव झटकन शोषते, तरी आकार सोडत नाही. गोड पदार्थांतील त्याचे महत्त्व यातच आहे. फ्रेंच पाकतज्ञ कारेम (१७८३–१८३३) यांच्या नावाशी निगडित असलेल्या ‘शार्लट रूस’मध्ये साच्याच्या कडेने ही बिस्किटे उभी लावून आत साय व जिलेटीन यांचे मिश्रण भरतात. इंग्लंडमधील ट्रायफलच्या तळाशीही ती घालतात. इटलीतील ‘तिरामिसू’ हा पदार्थ १९७० च्या सुमारास त्रेव्हीझो येथे प्रसिद्धीस आला. त्याच्या जनकत्वाविषयी मात्र वाद आहे. त्यात बिस्किटे कडक कॉफीत क्षणभरच बुडवितात. अधिक काळ ठेवल्यास त्यांचा लगदा होतो.

हेच तत्त्व मराठवाड्यास परिचित अशा हैदराबादी ‘डबल का मीठा’मध्ये दिसते. तेथे पावाचे काप तुपात तळून त्यांतील पाणी आधी घालवितात, मग ते पाकात व आटीव दुधात मुरवितात. ताजा मऊ पाव त्या कामी येत नाही. गोव्यातील ‘सेराडुरा’ या पोर्तुगीज वळणाच्या पदार्थात मारी बिस्किटांचा चुरा व फेटलेली साय यांचे थर असतात. त्यात बिस्किटाने आकार धरावा अशी अपेक्षाच नसते.

साखरेमुळे हे बिस्किट हवेतील ओलावा ओढून घेते. पावसाळ्यात ते घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे लागते. भाजलेले बिस्किट स्वतः निर्धोक असले, तरी तिरामिसूच्या सारणात कच्ची अंडी घालण्याची चाल उष्ण प्रदेशात धोक्याची आहे. तीतून साल्मोनेला जंतूंची बाधा होऊ शकते. यास्तव बलक व साखर वाफेवर ७१° से. पर्यंत ढवळीत तापवावी आणि तयार पदार्थ ५° से. खाली ठेवावा.