असमता व तिचें चिन्ह

क्ष + ४ = ९ असें म्हटलें कीं क्ष म्हणजे ५, आणि काम संपलें. समीकरणाशीं आमची ही ओळख जुनी आहे. परंतु व्यवहारांत 'नेमकें इतकेंच' म्हणण्यापेक्षां 'इतक्याहून अधिक नको' किंवा 'निदान इतकें तरी हवें' असें म्हणण्याचे प्रसंगच पुष्कळ येतात. अशा विधानास बीजगणितांत असमता म्हणतात. तिचीं < व > हीं चिन्हें इंग्रज गणिती थॉमस हॅरियट यांच्या ग्रंथांत इ. स. १६३१ मध्यें छापलीं गेलीं; तो ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनीं निघाला. चिन्हाचें टोंक लहान राशीकडे, उघडें तोंड मोठ्या राशीकडे.

दोन्ही बाजूंस सारखीच संख्या मिळविणें वा वजा करणें, अथवा एकाच धन संख्येनें गुणणें वा भागणें, यांत समीकरणाहून निराळें कांहीं नाहीं. घोटाळा होतो तो ऋण संख्येपाशीं. गेल्या चाचणी परीक्षेंत ७ − २क्ष > १ हें उदाहरण होतें. आमच्यापैकीं निम्म्याहून अधिक जण −२क्ष > −६ येथवर बिनचूक आले आणि पुढें क्ष > ३ लिहून गुण घालवून बसले. (प्रस्तुत लेखकही त्यांतलेच!) उत्तर पारखून पाहण्यास अर्धें मिनिटही लागलें नसतें. क्ष = ५ घ्या. ७ − १० = −३, आणि −३ ही संख्या १ हून मोठी नाहीं. क्ष = ० घ्या. ७ > १ हें खरें. तेव्हां खरें उत्तर क्ष < ३.

असें कां व्हावें? २ हून ५ मोठी, पण −२ हून −५ लहान. संख्यारेषेवर शून्यापाशीं आरसा उभा आहे अशी कल्पना करावी. उजवीकडे जी संख्या अधिक दूर, तिचें प्रतिबिंब डावीकडेही अधिक दूर पडतें. आणि डावीकडे अधिक दूर म्हणजे अधिक लहान. म्हणून ऋण संख्येनें गुणतांना वा भागतांना चिन्ह उलटवावें लागतें. ज्यास हें स्मरणांत ठेवण्याचा भरंवसा नसेल त्यानें २क्ष उजव्या बाजूस न्यावेत: ७ > १ + २क्ष, मग ६ > २क्ष, मग ३ > क्ष. आम्हांस तर आतां हीच वाट पसंत आहे.

हें उत्तर संख्यारेषेवर दाखवितांना ३ पाशीं पोकळ वर्तुळ काढून डावीकडे बाण न्यावा. ३ ही संख्याही चालत असती तर वर्तुळ भरीव केलें असतें.

अव्यक्त राशि दोन असल्या म्हणजे रेषेऐवजीं कागदाचा एक भागच उत्तर होतो. २० रुपयांची वही, ५ रुपयांची पेन्सिल, आणि खिशांत १०० रुपये. वह्या क्ष व पेन्सिली य मानल्या तर २०क्ष + ५य ≤ १००, म्हणजे ४क्ष + य ≤ २०. प्रथम ४क्ष + य = २० ही रेषा (५, ०) व (०, २०) या बिंदूंतून काढावी. येथें बरोबरीस मुभा आहे म्हणून रेषा अखंड; नसती तर तुटक. मग कोणती बाजू रंगवावी? (०, ०) घालून पाहावा. ० ≤ २० खरें, म्हणून त्या बिंदूची बाजू आपली. (३, ६) त्या भागांत येतो, खर्च ९० रुपये. (४, ५) मात्र रेषेपलीकडे पडतो. तेथें ५ रुपये कमी पडतात. शिवाय वह्या-पेन्सिली ऋण असूं शकत नाहींत, म्हणून दोन अक्षांमधील त्रिकोणच शिल्लक राहतो; आणि त्यांतलेही पूर्णांकांचे बिंदु तेवढेच घ्यावयाचे, कारण अर्धी वही कोणताही दुकानदार देत नाहीं.