गर्दी कुणाची, गल्ला कुणाचा?

आमचं गाव समुद्रकिनाऱ्यावरचं. दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली त्या दिवशी सातवीतली एक मुलगी वर्तमानपत्राचं कात्रण घेऊनच वर्गात आली. मथळा होता : 'किनाऱ्यावर पर्यटकांची विक्रमी गर्दी'. तिच्या घरी पाहुण्यांसाठी दोन खोल्या आहेत. आई घावणे करते, माशाचं ताट वाढते. कात्रण माझ्यापुढे धरून ती म्हणाली, "बाई, एवढी विक्रमी गर्दी झाली, तर आमच्या खोल्या पाच दिवस रिकाम्या कशा राहिल्या?"

प्रश्न बिनतोड होता! मी भूगोलाचं पुस्तक मिटलं. गावाचा हिशेब कुणी नीट मांडून ठेवलेला नाही, पण देशांचा ठेवलेला असतो. स्पेनमधल्या माद्रिद शहरात संयुक्त राष्ट्रांची पर्यटन संघटना आहे. कुठल्या देशात किती परदेशी पाहुणे आले आणि त्यांनी किती पैसे खर्च केले, याचे तक्ते ती दरवर्षी काढते. करोनाच्या आधीचं २०१८ हे साल आम्ही निवडलं आणि फळ्यावर दोन रकाने आखले : माणसं आणि पैसे.

माणसांत पहिला आला फ्रान्स. सुमारे ८ कोटी ९० लाख पाहुणे! दुसरा स्पेन, ८ कोटी ३० लाख. तिसरी अमेरिका, ८ कोटी. आता पैशांचा रकाना पाहा. अमेरिका एकदम पहिली, २१४ अब्ज डॉलर. स्पेनला मिळाले ७४ अब्ज आणि फ्रान्सला ६७ अब्ज. गर्दीत पहिला आलेला फ्रान्स गल्ल्यात तिसरा! (आणि या पैशांत विमानाचं तिकीट नाही बरं का, ते वेगळं मोजतात.)

मग भागाकार केला. ६७ अब्ज म्हणजे ६,७०० कोटी. त्याला ८.९ कोटींनी भागलं. फ्रान्समध्ये एका पाहुण्यामागे आले साधारण ७५० डॉलर. अमेरिकेत २,६७५. ऑस्ट्रेलियात त्या वर्षी जेमतेम ९२ लाख पाहुणे गेले, पण पैसे आले ४५ अब्ज डॉलर. म्हणजे माणशी ४,९०० च्या आसपास! वर्गात एकच गलका झाला, "ऑस्ट्रेलियात काय सोन्याची भजी विकतात का, बाई?"

तसं नाही. नकाशा काढा म्हणजे उलगडेल. फ्रान्सच्या चहूबाजूंनी शेजारी आहेत. बेल्जियम किंवा हॉलंडमधलं कुटुंब मोटार घेऊन स्पेनच्या समुद्राकडे निघतं, वाटेत फ्रान्समध्ये एक रात्र झोपतं, सकाळी पाव-कॉफी घेऊन पुढे जातं. ते फ्रान्सचेही पाहुणे आणि स्पेनचेही. कारण नियम असा, की परक्या देशात एक तरी रात्र मुक्काम केला तर तो पर्यटक. ऑस्ट्रेलियाला मात्र कुणी जाता जाता डोकावत नाही. इतक्या लांब गेलं की माणूस दोन-तीन आठवडे राहतो आणि रोज खर्च करतो.

एवढं सांगितलं आणि ती मुलगी ताडकन उभी राहिली. "बाई, मग आमच्याकडे आलेले पर्यटक नव्हतेच! ते सकाळी आले, पाण्यात खेळले, वडापाव खाल्ला आणि संध्याकाळी घरी गेले." मला काही सांगावंच लागलं नाही.

पण ऑस्ट्रेलियाच्या आकड्यात आणखी एक मेख आहे. ती मलाही बरीच उशिरा कळली. तिथे आणि अमेरिकेत शिकायला गेलेल्या परदेशी विद्यार्थ्यांची फी, त्यांच्या राहण्या-जेवणाचा खर्च, हे सगळं त्या पैशांच्या रकान्यात धरतात. पण जो वर्षाहून जास्त राहायला गेला त्याला पर्यटक म्हणत नाहीत, त्यामुळे तो माणसांच्या रकान्यात येत नाही. वरचा आकडा फुगला, खालचा तेवढाच राहिला. म्हणून आमचे ४,९०० डॉलर जरा हातचं राखूनच घ्या.

मोजण्याच्या अशा गमती आपल्याकडेही आहेत. २०१४ साली भारतात ७६ लाख ८० हजार परदेशी पर्यटक आले. जगाच्या यादीत आपला नंबर होता ४१ वा. पुढे २०१७ मध्ये जाहीर झालं, की त्याच २०१४ सालासाठी आपला नंबर २४ वा! झालं असं, की परदेशात राहणारे पण भारताचा पासपोर्ट असलेले जे ५४ लाख ३० हजार लोक त्या वर्षी मायदेशी आले होते, तेही आता मोजले गेले. बेरीज झाली १ कोटी ३१ लाख १० हजार. म्हणजे न्यू जर्सीतला काका पुण्याला आजीकडे दिवाळीला आला, तर तोही पर्यटक! त्यानं अमेरिकेचा पासपोर्ट घेतला असता, तर तो आधीपासूनच परदेशी पर्यटकांत धरला गेला असता. काका तोच, आजीच्या हातची चकलीही तीच. बदलला तो फक्त रकाना.

आता काळाची गोष्ट. १९५० साली साऱ्या जगात मिळून अडीच कोटी लोकांनी परदेश प्रवास केला आणि तिथे २ अब्ज डॉलर खर्च केले. २०१८ मध्ये माणसं झाली १४० कोटी आणि पैसे सुमारे १,४५० अब्ज. माणसं ५६ पट, पैसे ७२५ पट! प्रवासी एवढे उधळे झाले की काय? एका मुलाचा हात वर आला. "बाई, आजोबा म्हणतात त्यांच्या वेळी चहा दहा पैशांना होता." शाब्बास! डॉलरचंही तसंच झालंय. १९५० मध्ये अमेरिकेत एका डॉलरला जे मिळायचं, त्याला २०१८ मध्ये दहा डॉलरच्या वर मोजावे लागत. तेव्हाचे २ अब्ज म्हणजे आताचे निदान २० अब्ज. मग ढोबळमानानं माणशी खर्च तेव्हा ८०० डॉलर, २०१८ मध्ये हजाराच्या थोडा वर. फार फरक नाही. वाढली ती मुख्यतः माणसं.

आणि तुलना कुठल्या वर्षाशी करायची, तेही पाहायला हवं. थायलंडला २०१९ मध्ये जवळजवळ ४ कोटी पाहुणे आले होते. करोनामुळे २०२१ मध्ये साडेचार लाखही आले नाहीत. २०२२ मध्ये आले १ कोटी ११ लाख. 'एका वर्षात २६ पट वाढ' असा मथळा देता येईल आणि तो खोटाही नाही! पण बँकॉकच्या हॉटेलवाल्याला विचारा, तो २०१९ ची आठवण काढेल.

सगळ्याच देशांना गर्दी हवी असते असंही नाही. भूतानने १९७४ साली पर्यटकांना दार उघडलं, तेव्हा वर्षभरात २८७ जण आले. गर्दी आवरावी म्हणून तिथे रोजचा कर घेतात. २०२२ मध्ये तो रात्रीला माणशी २०० डॉलर केला, पुढच्याच वर्षी निम्मा केला. आपल्याला शेजारी म्हणून १,२०० रुपये.

त्यानंतर महिन्याभरानं त्या मुलीनं मला एक वही दाखवली. घरच्या पाहुण्यांची वही. माणसं, रात्री, रुपये असे तीन रकाने नीट पट्टीनं आखलेले. आणि शेजारी चौथा रकाना, आईच्या अक्षरात : मासळी, गॅस, चादरींची धुलाई.

"हे वजा करायला नको का, बाई?" तिनं विचारलं.

देशांच्या त्या तक्त्यांत हा चौथा रकाना नाही.