जेवणाच्या सुट्टीतलं कुलूप

सकाळी ९.४०. भोसरी एमआयडीसी, पत्र्याचे सुटे भाग ठोकणारा कारखाना. गेटवर लॅपटॉपचा सिरीयल नंबर रजिस्टरमध्ये उतरतो, पेनड्राइव्ह जमा होतो. नेटवर्कचं काम करायला आलेल्या मुलाला पगार नाही. व्हिजिटमागे बाराशे, पेट्रोल त्यातच.

१०.०५. रॅक स्टोअरमागे, खोक्यांच्या आड. पंख्यावर तेलकट धूळ. चोवीस पोर्टचा सिस्को २९६० स्विच. हजेरीचं मशीन, कॅमेरे, लेबल प्रिंटर सगळे यावरच. आयटीचं बघतात अकाउंटंट. पासवर्ड विचारला तर म्हणतात, ‘‘आधीच्या व्हेंडरकडे असेल. तो फोन उचलत नाही.’’

१०.३०. फिकट निळी कन्सोल केबल लागते. लॅपटॉपला सिरीयल पोर्ट नाही, म्हणून यूएसबी कन्व्हर्टर. तो त्याने स्वतःच्या खिशातून घेतलाय, सहाशेला. पुटी हे टर्मिनल सॉफ्टवेअर उघडतो, स्पीड ९६००. पासवर्ड मागितला जातो. तीन अंदाज, तिन्ही चूक. आता स्विच बंद करून रिकव्हरी. सुपरवायझर मान हलवतात, ‘‘साडेबाराच्या आधी हात लावू नका. डिस्पॅच आहे.’’

११.१५. टपरीवरचा चहा, बारा रुपये. लॅपटॉपवर नव्या कमांड आधीच लिहून ठेवतो. जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाची.

१२.३२. भोंगा झाला. पॉवर केबल काढली. मोड बटण दाबून धरत परत लावली. सिस्टिमचा दिवा क्षणभर पिवळा, मग स्थिर हिरवा. बोट सोडलं. सेटिंगच्या फाइलचं नाव बदललं आणि स्विच बूट केला. फाइल सापडत नाही म्हणून तो पासवर्डही विचारत नाही.

१२.४२. आत शिरल्यावर फाइलला जुनं नाव परत दिलं, सेटिंग चढवलं. पासवर्डपुढे ७ हा आकडा दिसतो. या सातच्या एन्क्रिप्शनमधला मूळ शब्द कुणालाही क्षणात काढता येतो. त्याने काढला: कंपनीचं नाव आणि १२३.

१२.४५. तो पुसून ‘एनेबल सिक्रेट’ने नवा पासवर्ड. याचा हॅश होतो, उलटा फिरवता येत नाही. स्विचचं सॉफ्टवेअर, आयओएस, जुनं, म्हणून पुढे ५ येतो; नव्यात ९ मिळाला असता. मग पासवर्डच लांबलचक ठेवला. प्रत्येकाला वेगळं युजरनेम. दुरून लॉगिन करायच्या, म्हणजे व्हीटीवायच्या, सोळाही लाइनवर टेलनेट बंद, कारण त्यात पासवर्ड तारेवरून उघडाच जातो. त्याऐवजी एन्क्रिप्टेड एसएसएच चालू, की २०४८ बिटची. पाच मिनिटं काही टाइप केलं नाही तर लॉगआउट, कन्सोललाही तेच.

१२.५५. कन्सोल बंद न करता दुसऱ्या विंडोतून एसएसएच करून पाहतो. लागलं. मगच ‘राइट मेमरी’ देऊन सेटिंग जतन. हे राहिलं तर वीज गेल्यावर नवा पासवर्डही जातो.

दुपारी १.०२. भोंगा. प्रिंटरमधून पहिलं लेबल निघालं. मुलगा डबा उघडतो.

२.००. ‘‘पासवर्ड व्हॉट्सअॅप करा ना.’’ ‘‘नको साहेब, पाकिटात देतो. सही करून मालकांच्या तिजोरीत ठेवा.’’ व्हिजिट शीटवर शिक्का. पैसे पंचेचाळीस दिवसांनी.

२.२०. ‘‘वरच्या मजल्यावर असेच दोन आहेत. एका व्हिजिटमध्ये बसवा.’’

‘‘बसवतो. सुट्टी एक तासाची करा.’’