खाऱ्या पाण्याची टाकी फुटली तर

१९५१ साली सुरू झालेलं मुंबईचं तारापोरवाला मत्स्यालय समुद्राकाठी उभं राहिलं. जबलपूर जिल्ह्यातल्या कुंडमपासून मात्र समुद्र शेकडो किलोमीटर दूर. त्यामुळे तिथे खाऱ्या पाण्याची टाकी गळू लागली तर आधी वीज बंद करावी आणि मग माशांइतकंच पाणीही वाचवावं. वरचं स्वच्छ पाणी साबण न लागलेल्या, झाकणाच्या बादल्यांत भरून घ्यावं. नव्या पाण्यात लिटरला सुमारे ३५ ग्रॅम मत्स्यालयासाठीचं समुद्री मीठ लागतं. स्वयंपाकाचं मीठ चालत नाही.

सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे फिल्टरचा स्पंज आणि जिवंत खडक. अमोनियाचं विष निवारणारे जिवाणू त्यांच्यावरच वाढतात, म्हणून दोन्ही खाऱ्या पाण्यातच ठेवावेत. ते सुकले की धडधाकट मासेही नव्या टाकीत दगावू शकतात. तळाची जुनी वाळू ढवळू नये. तिच्यात विषारी वायू साठलेला असू शकतो. माशांच्या बादलीत बॅटरीवरच्या पंपाने हवा सोडावी, तापमान २४ ते २६ अंश राखावं आणि खायला काही घालू नये.

टाकी पुन्हा भरताना एक लक्षात ठेवा: अनेक प्रवाळ आणि समुद्री घोडे यांना वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. ते विकत घेऊच नका.